वाटाण्याएवढं क्रीम

माझी आई मला 'आई' म्हणायला लागली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते.

संक्रांतीची गोष्ट. तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन मी विंझरहून आंबवड्याला माहेरी निघाले होते. अंतर काही फार नाही, पण एसटीनं जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. आधी नसरापूर, तिथून भोर, भोरच्या स्टँडवर तास-दीड तास ताटकळायचं आणि मग आंबवड्याची गाडी. पोचले तेव्हा आई ओट्यावर उन्हाला बसली होती. मला बघून तिचा चेहरा एवढा खुलला की मी मनात म्हटलं, चला, आज ओळखलं बाईनं. गेलं वर्षभर तिला विसरायला होत होतं. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, हळूहळू वाढत जाणार.

"आई, तू कवा आलीस गं?" ती मला म्हणाली. "आन् चालत आलीस व्हय? पाय दुखलं असत्याल."

वहिनी दारातच उभी होती, ती हसली. तिला बोल लावत नाही, प्रसंग हसण्यासारखाच होता. मीही हसले. मग मागच्या पडवीत जाऊन हंड्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि थोडी रडून घेतली.

मला वाईट वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त राग आला. कारण बाकी सगळ्यांना ती ओळखत होती. दादाला ओळखत होती, वहिनीला ओळखत होती, गोठ्यातल्या म्हशीला तर नावानं हाक मारत होती. माझा नंबर म्हशीच्याही खाली गेला होता. वहिनी म्हणाली, "अवो ताई, आमी रोज दिसतो त्यांना. तुमी महिन्यातनं एकदा येता." मग तिनं भिंतीवरचा आजीचा फोटो काढून माझ्या हातात दिला. आजी, म्हणजे आईची आई, गेली ती माझ्याच वयाची असताना. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत दोन चर, डोळ्यांखाली फुगलेल्या पिशव्या, कपाळावर तीन आडव्या रेघा. मी फोटो घेऊन आरशासमोर उभी राहिले. आई चुकत नव्हती, माझं तोंडच चुकत होतं.

आईच्या डोक्यातली मी बहुतेक पंचवीस-तिशीची असणार. मी ठरवलं, जमेल तेवढं तिकडं परत जायचं. मला सुंदर दिसायची हौस नव्हती. लग्नात दिसले तेवढं पुरे, असं माझं मत आहे. मला एवढंच हवं होतं, की आईनं एकदा तरी मला मुलगी म्हणून हाक मारावी, आणि ती आहे तोवर मारावी.

दादाची मुलगी पुण्यात एका कातडीच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला आहे. तिला फोन लावला.

"आत्या, क्रीमनं आजीचं विसरणं कसं थांबणार?" ती म्हणाली.

"ते मला कळतंय. तू फक्त सुरकुत्यांचं सांग."

ती म्हणाली, सुरकुत्यांवर म्हणशील तर व्हिटॅमिन ए. आमच्या इथं डॉक्टर सगळ्यात आधी तेच सांगतात, रेटिनॉल.

मला हसूच आलं. मी अंगणवाडी सेविका. सव्वीस वर्षं अ जीवनसत्त्वाशी माझा संसार चाललाय. गाजर, पपई, शेवग्याचा पाला हे मी झोपेतसुद्धा म्हणेन. दर सहा महिन्यांनी नर्सबाई डोस घेऊन येतात, तेव्हा पोरांना मांडीत धरून तोंड उघडायला लावण्याचं काम माझं. डोसाच्या चमच्याला रेघ असते. वर्षाच्या आतल्याला अर्धा, मोठ्याला पूर्ण. रेघेच्या वर एक थेंब गेला तर मी नर्सबाईंनाही टोकते. त्या मला मागे 'मास्तरीण' म्हणतात, हे मला माहीत आहे. अशा बाईला कालची पोर व्हिटॅमिन ए शिकवणार, म्हणजे ऐकून घेणं आलंच.

भाचीनं मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. रेटिनॉल सौम्य असतं आणि दुकानात मिळतं. ट्रेटिनॉइन हे त्याचं जहाल भावंड, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आणि बावचीच्या बियांपासून काढलेलं एक असतं, ते व्हिटॅमिन ए नव्हेच, पण काम थोडंफार तसंच करतं म्हणतात, ते कातडीला कमी झोंबतं. आत्या, तू रेटिनॉल घे, पण कमीत कमी टक्क्याचं. रात्री लाव, तोंड कोरडं करून, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदाच. वरून साधं मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन. फरक दिसायला तीन-चार महिने तरी लागतात. आणि गरोदर बाईनं किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं यातलं रेटिनॉलही लावायचं नाही आणि ट्रेटिनॉइनही नाही.

मी हे चुलीवर भाकरी असताना ऐकत होते. 'रात्री लाव' इथवर नीट ऐकलं, मग भाकरी उलटायला गेले. शेवटचं गरोदर बाईचं मात्र बरोबर टिपलं. दुसऱ्याला सांगायचं काही असलं की माझे कान फार तिखट होतात.

पुढच्या खेपेला भोरमध्ये गाडीची वाट बघताना औषधाच्या दुकानात शिरले. दुकानातल्या बाईंनी तीन डबे काढून ठेवले. एकावर शून्य पूर्णांक एक टक्का, दुसऱ्यावर शून्य पूर्णांक तीन, तिसऱ्यावर सरळ एक. मी अर्थातच एक उचललं. भाची कमीत कमी म्हणाली होती खरी, पण एवढ्या लांबून यायचं आणि शून्यावरचं काहीतरी घेऊन जायचं, हे माझ्या बुद्धीला पटेना.

"आधी वापरलंय का?" बाईंनी विचारलं.

"सव्वीस वर्षं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. सव्वीस वर्षं वापरून हे तोंड, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण बाई भल्या, त्यांनी ट्यूब पिशवीत घालून दिली.

पहिल्या रात्री ट्यूब पिळली ती टूथपेस्टच्या जाहिरातीत ब्रशभर काढतात तेवढी. तोंडाला, गळ्याला, उरलं ते हातांच्या पाठीला. सकाळी उठून आरशात बघितलं, आजीच होती. दुसऱ्या दिवशीही आजीच. चौथ्या दिवशी मला वाटलं, रोज रात्री लावूनही ढिम्म हलत नाही म्हणजे सकाळीही लावायला हवं. लावलं. दहाव्या दिवशी कातडी ओढल्यासारखी झाली, तोंड लाल झालं आणि नाकाच्या बाजूनं पापुद्रे सुटायला लागले.

इथं शहाणी बाई थांबली असती. मी थांबले नाही, आणि त्याचं कारण सांगायचं तर राबाबद्दल सांगावं लागेल. आमच्या डोंगरभागात भाताचं रोप लावायच्या आधी ती जमीन भाजतात. झाडांचा वाळका पाला, शेण, गवत असं सगळं त्या तुकड्यावर पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. तण जळून जातं, राख होते आणि मग पावसात त्यातून हिरवंगार रोप उठतं. लहानपणी मला त्या जाळाचं फार वेड होतं. सात-आठ वर्षांची असताना एकदा निखाऱ्यात रताळं भाजायला गेले आणि भुवया होरपळून आले होते. तर, चांगलं उगवायचं असेल तर आधी भाजावं लागतं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. तोंडाचे पापुद्रे बघून मला काळजी वाटण्याऐवजी आनंदच झाला. माझी जाऊ शेजारीच राहते. तिनं माझं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं, जणू वावरच पाहायला आली होती.

"बराबर चाललंय," ती म्हणाली. "भाजतंय म्हंजी खालनं नवं येणार. अजून चार दिस लावा, सोडू नगा."

नवऱ्यानं जेवताना विचारलं, "तोंडाला काय झालं?"

"राब भाजतेय."

तो समजूतदार माणूस आहे. भाजी वाढून घेतली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

अंगणवाडीतली पोरं काही इतकी समजूतदार नव्हती. एक चार वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर बसून नाकाकडे एकटक बघत होती. "बाई," ती म्हणाली, "आमच्या कौलात सापाची कात घावली. तुमच्या नाकाला बी तशीच हाय." त्याच आठवड्यात गावातली एक गरोदर पोर माझ्याकडे ते क्रीम मागायला आली, तोंडावर वांग आले म्हणून. तिला मी असं काही झापलं की ती क्रीमचं नाव विसरून गेली असेल. गरोदर बाईनं हे हातातसुद्धा धरायचं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला काही फासायचं नाही, मापात राहायचं. हे सगळं मी तिला सांगितलं, पापुद्रे सुटलेल्या तोंडानं.

मग मार्चमध्ये सर्वेक्षणाचं काम निघालं. चार दिवस वरच्या वाड्यांवर घरोघर हिंडले, डोक्यावर पदर आणि तोंडावर ऊन. सनस्क्रीनचं भाचीनं सांगितलं होतं तेव्हा मी भाकरी उलटत होते. शिवाय पापुद्रे लवकर निघावेत म्हणून बेसनात लिंबू पिळून तोंड घासलं, ही अक्कल माझी स्वतःची. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर डोळे बारीक झालेले, गाल सुजून तांबडेलाल, आणि आंघोळीचं पाणी लागलं तर निखारा ठेवल्यासारखं झालं. आरशात आजी नव्हती. मुलगीही नव्हती. भाजलेलं वांगं होतं.

नेमकं त्याच दिवशी आंबवड्याला जायचं कबूल केलं होतं. दादाचा राब भाजायचा होता आणि वहिनीला बाहेर मदत लागणार होती, तेवढा वेळ आईजवळ बसायला कुणीतरी हवं होतं. तीन गाड्या बदलत, पदर नाकापर्यंत ओढून, मी पोचले. प्रत्येक गाडीत कुणीतरी जागा देत होतं. बिचारीवर काय बेतलं असेल, असं त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. मला रडूही येईना, कारण अश्रू लागले की आग व्हायची. मनात एकच होतं, की आता आई मला आजीसुद्धा म्हणणार नाही. ती घाबरेल. आपण होता नव्हता तो चेहरा घालवून बसलो.

घराच्या खालच्या अंगाला राब पेटला होता. दादा-वहिनी तिकडेच होते. धूर ओट्यापर्यंत येत होता आणि आई भिंतीला टेकून त्या धुराकडे बघत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिली. मग हात लांब करून माझा पदर मागे सारला.

"गेलीस न्हवं जाळापाशी?"

आणि तिनं मला माझ्या लहानपणीच्या नावानं हाक मारली. ते नाव तिच्याशिवाय कुणीच कधी वापरलं नाही. मी स्वतःसुद्धा ते पंचवीस-तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"सतरांदा सांगितलं तुला, राबाकडं जाऊ नगं म्हनून. ऐकती का कुणाचं! रताळं पायजे व्हतं तर म्या दिलं नसतं? बघ, कसं तोंड करून घेतलंयस. हितं बस. हलू नगं."

मी बसले. ती भिंतीला धरून उठली. एरवी तिला उठवायला दोघं लागतात. स्वयंपाकघरात गेली, शिंक्याकडे बघितलं. शिंकं काढून किती वर्षं झाली. मग कुणी न सांगता फ्रिज उघडला आणि लोण्याची वाटी घेऊन आली. माझी हनुवटी डाव्या हातानं वर धरली आणि उजव्या हाताच्या बोटानं लोणी लावायला लागली. कपाळ, गाल, नाकाच्या बाजू. बोटं खरखरीत होती, पण एवढं हलकं लावत होती की एकदाही आग झाली नाही. लावताना माझ्यावर फुंकर घालत होती आणि रागवत होती. मी "व्हय" म्हणत होते, "न्हाई जाणार" म्हणत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिला लोण्याच्या आड दिसलं नसावं. एवढं सुख मला आठवत नाही. साधारण अर्धा तास मी तिची मुलगी होते.

वहिनी राखेचे हात घेऊन आली तेव्हा आई थकून भिंतीला टेकली होती आणि माझ्याकडे पुन्हा कोरड्या नजरेनं बघायला लागली होती.

रविवारी भाची आली. माझं तोंड बघून तिनं कपाळावर हात मारला. मेसेज तिनं मला समोर बसवून पुन्हा ऐकवला, चूल विझवून. या खेपेला मी शेवटपर्यंत ऐकला.

"आत्या, व्हिटॅमिन ए कातडीला कामाला लावतं. रोज इतकं ओतलंस तर कातडी काम करेल की जळेल? पोरांना रेघेच्या वर थेंब देत नाहीस ना तू?"

तीन आठवडे सगळं बंद, फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सावली, असा तिनं हुकूम सोडला. जाताना शून्य पूर्णांक एक टक्क्याची ट्यूब आणि सनस्क्रीन ठेवून गेली. बरं वाटल्यावर, आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं. जुनी ट्यूब फेकून दे म्हणाली. मी हो म्हटलं आणि ती पर्समध्ये ठेवली.

का ठेवली, ते सांगते, लाज वाटते तरी. एप्रिल संपेपर्यंत तोंड बरं झालं. जाऊ म्हणाली, "बगा, आलं का न्हाई नवं?" खरंच कातडी जरा तुकतुकीत दिसत होती. पण ते दोन चर जिथल्या तिथं होते, पिशव्याही होत्या. आणि मला आता एक गोष्ट कळली होती, जी भाचीच्या डॉक्टरांनाही माहीत नसेल. आई मला तरुण तोंडावरून ओळखत नव्हती, भाजलेल्या तोंडावरून ओळखत होती. ती जुनी ट्यूब पिळून चार-पाच दिवस उन्हात हिंडले की झालं, पुन्हा अर्धा तास मिळाला असता. मी हा विचार गंमत म्हणून करत नव्हते. एसटीत बसून, पर्स मांडीवर घेऊन, ट्यूबचं टोपण फिरवत खरोखर करत होते.

मे महिन्यात गेले तेव्हा राब भाजून काळे झालेले तुकडे पावसाची वाट बघत पडले होते. आई ओट्यावरच होती. मला बघून खुलली.

"आई, आलीस व्हय? ये, बस."

मी बसले. तिनं इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि माझ्याकडे सरकली.

"आई, तुला एक सांगायचं व्हतं," ती हळूच म्हणाली. "माझी पोरगी लई आगाव हाय. जाळापाशी जाती. परवा तोंड भाजून घेतलंन् तिनं. म्या लोनी लावलं, पर मला आता ध्यानात राहत न्हाई गं. म्या इसरती सगळं." तिनं माझा हात धरला. "तू बघशील का जरा तिच्याकडं? तिला कुणी वरडू नगा. फकस्त जाळाजवळ जाऊ देऊ नगंस. लई गुणाची हाय ती."

ती वाट बघत होती. तिला उत्तर हवं होतं, तिच्या आईकडून.

"बघते," मी म्हटलं. "तू काळजी करू नगं."

"नक्की?"

"नक्की."

तिनं माझा हात सोडला आणि निवांत झाली. मग आम्ही दोघींनी चहा घेतला. तिनं मला म्हशीचं नाव सांगितलं आणि मी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

परतताना भोरच्या स्टँडवर ती जुनी ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरी आल्यावर झोपायच्या आधी तोंड धुतलं, पुसून कोरडं केलं आणि आरशासमोर उभी राहिले. आजीच होती समोर. तिच्याच बोटावर मी वाटाण्याएवढं क्रीम घेतलं आणि सांभाळायला सोपवलेल्या त्या मुलीच्या तोंडाला अगदी हलक्या हातानं लावलं.